घरी चालते, बागेतून चालत नाही

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. घरच्या संगणकावर स्वतः उभा केलेला वेब प्रॉक्सी (ब्राउझर आणि पाने यांच्यामध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणारा मध्यस्थ) घरात नीट चालतो आणि घराबाहेर पडले की त्याच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यांतील रावेर, शहादा, धुळे आणि भुसावळ येथील पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मोठे आहे, कारण पुढील उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. मुलाने नोकरीसाठी पुण्याला जाण्यापूर्वी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकले, बागेचा हिशेब, घडांच्या कापणीची नोंद आणि ठिबकच्या पंपाचे नियंत्रण अशी तीन पाने तयार केली व त्यांच्यापुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी बसवला. घरच्या वायफायवर १९२.१६८.१.२० हा पत्ता टाकला की सर्व काही उघडते. बागेतून मोबाइलवर मात्र नुसते चक्र फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. डायनॅमिक डीएनएसचे (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणाऱ्या सेवेचे) मोफत नाव घेतले आहे, राउटरमध्ये ४४३ क्रमांकाचे पोर्ट फॉरवर्ड केले आहे (त्या क्रमांकावर बाहेरून आलेली विनंती संगणकाकडे वळवली आहे), संगणकाची फायरवॉलही तपासली आहे. इंटरनेट गावातल्या केबलवाल्याचे, फायबरवरचे आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.८१ ने सुरू होणारा दिसतो. चूक कुठे होते आहे? — एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : चूक आपली नाही, आणि तिचे कारण आपल्याच पत्रातल्या एका ओळीत आहे. वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतो, याचा अर्थ तो पत्ता आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही. राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक असले तरी बाहेरून आलेली विनंती आपल्या राउटरपर्यंत येतच नाही. म्हणून प्रॉक्सीत, फायरवॉलमध्ये किंवा मुलाने लिहिलेल्या पानांत दोष शोधण्यात आता आणखी वेळ घालवू नये.

खात्री करून घेणे सोपे आहे. राउटरवर दिसणारा वॅन आयपी कागदावर लिहून घ्यावा. मग घरच्याच वायफायवरून, आपला आयपी पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडावे आणि तेथे दिसणारा पत्ता त्याखाली लिहावा. संकेतस्थळाने अक्षरे व अपूर्णविराम असलेला लांबलचक पत्ता दाखवला, तर तो आयपीव्ही६ प्रकारचा असतो. तुलनेसाठी चार आकड्यांचा आयपीव्ही४ पत्ताच घ्यावा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर पत्ता आपला. वेगळे असतील तर वाटेत पत्ते बदलणारे एखादे यंत्र आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात पडत असेल, तर ते यंत्र इंटरनेट पुरवठादाराचे आहे, कारण हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये पुरवठादारांच्या याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. पत्ता १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एकाने सुरू होत असेल, तर दोन शक्यता उरतात. एक तर पुरवठादाराने तो पट्टा वापरून हीच व्यवस्था केली असेल, किंवा आपल्याच घरात एकामागे एक असे दोन राउटर असतील. फायबरची पेटी स्वतः राउटरचे काम करते आणि तिच्यामागे आपण दुकानातून आणलेला दुसरा राउटर जोडतो, तेव्हा हा दुसरा प्रकार घडतो. त्यावर उपाय घरातच आहे : पेटी ब्रिज मोडमध्ये (ज्यात ती राउटरचे काम न करता वाहतूक नुसती पुढे देते) टाकून घ्यावी, किंवा दोन्ही राउटरमध्ये ओळीने पोर्ट फॉरवर्ड करावे.

पुरवठादार असे का करतात, हेही समजून घ्यावे, म्हणजे केबलवाल्यावर विनाकारण राग निघणार नाही. आयपीव्ही४ पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे आणि ती वाढू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले. भारत ज्या विभागात येतो त्या आशिया-पॅसिफिक विभागाची एपनिक ही संस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या राखीव गटापर्यंत येऊन पोहोचली. त्यानंतर ज्यांनी गावोगाव फायबर टाकले, त्यांना शेकडो घरांसाठी मोजकेच पत्ते मिळाले. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर एकच पाटी असावी आणि आत पन्नास बिऱ्हाडे राहावीत, तसे हे आहे. आतून बाहेर जाणाऱ्याची दारावर नोंद होते, त्यामुळे त्याच्यासाठी आलेले उत्तर बरोबर त्याच्याच बिऱ्हाडात पोहोचते. बाहेरून प्रथमच आलेल्या पाहुण्याला कोणाकडे पाठवायचे, हे मात्र दारावर कोणालाच ठाऊक नसते. आपल्या मोबाइलने बागेतून केलेली विनंती हा असाच पाहुणा आहे. ती पुरवठादाराच्या यंत्रापर्यंत जाते आणि तेथेच संपते.

वेळ संपल्याचा संदेशही हेच सांगतो. जोडणी नाकारली असा संदेश आला, तर विनंती कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोहोचली आणि त्या पोर्टावर ऐकणारे कोणी नव्हते, असे बहुधा समजावे. नुसती वेळ संपली, तर विनंती वाटेतच हरवली किंवा एखाद्या फायरवॉलने ती उत्तर न देता टाकून दिली. पाचशेच्या मालिकेतला आकडा दिसला, तर विनंती प्रॉक्सीपर्यंत नीट आली आणि अडचण त्याच्या मागे आहे. मला विचाराल तर दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी संदेशाचे नेमके शब्द लिहून घेण्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही. त्याहून पक्की परीक्षा हवी असेल तर घरी एकाने एन्जिनएक्सचा अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंदवही) पडद्यावर उघडा ठेवावा आणि दुसऱ्याने बागेत मोबाइलवर पान उघडावे. लॉगमध्ये एकही नवी ओळ उमटली नाही, तर विनंती प्रॉक्सीपर्यंत आलेली नाही. ही परीक्षा घरात उभे राहून करायची असेल तर मोबाइलचे वायफाय आधी बंद करावे, कारण कित्येक राउटर आतल्याच यंत्राने बाहेरच्या नावावरून केलेली विनंती परत आत वळवू शकत नाहीत, आणि मग सर्व काही ठीक असूनही नाव उघडत नाही.

आता उपायाकडे येतो. पहिला मार्ग म्हणजे पुरवठादाराकडून स्वतःचा पत्ता घेणे. त्यासाठी दरमहा वेगळे पैसे लागतात आणि लहान पुरवठादाराकडे तो मिळेलच असे नाही. मागताना ‘स्टॅटिक पब्लिक आयपी’ असे पूर्ण शब्द वापरावेत, कारण १० ने सुरू होणारा पत्ताही कायमचा नेमून देता येतो. तो स्टॅटिक असतो, पण आपल्या कामाचा नसतो. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा. त्यात पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे पुरवठादार तो देत असेल तर घरच्या संगणकाला २ किंवा ३ या आकड्याने सुरू होणारा जगभर पोहोचणारा पत्ता मिळतो. मात्र राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जोडण्या सहसा अडवते, तेथे ४४३ साठी वेगळा नियम लिहावा लागतो. एन्जिनएक्सलाही आयपीव्ही६ वर ऐकण्यास सांगावे लागते आणि डीएनएसमध्ये ‘एएएए’ प्रकारची नोंद करावी लागते. शिवाय पाहणाऱ्याच्या जोडणीवरही आयपीव्ही६ असले पाहिजे. कधीही अडू नये अशी व्यवस्था हवी असलेल्या घराने केवळ याच मार्गावर विसंबू नये.

तिसरा मार्ग मी आपल्याला सुचवतो. आतून बाहेर जाणाऱ्याची नोंद होते, हे वर पाहिलेच. मग जोडणी घरच्या संगणकानेच आधी बाहेर लावावी आणि ती उघडी ठेवावी. याला बोगदा म्हणतात. टेलस्केल हे साधन घरच्या संगणकावर व घरातल्यांच्या मोबाइलवर टाकून सर्वांनी एकाच खात्याने प्रवेश केला, की ही यंत्रे एकमेकांना पाहू लागतात, मग मध्ये किती राउटर आहेत याला महत्त्व राहत नाही. थेट जोडणी जमली नाही तर ते आपल्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत वाहतूक नेते, आणि तीही टोकापासून टोकापर्यंत सांकेतिकच असते. वैयक्तिक वापरासाठी त्याची मोफत योजना आहे. येथे एका गोष्टीने गोंधळू नये : टेलस्केल आपल्या यंत्रांना जे पत्ते देते तेही १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातले असतात. बागेतून प्रॉक्सी उघडताना संगणकाचा टेलस्केलने दिलेला पत्ता टाकावा, राउटरवरचा नव्हे. पान तरीही उघडले नाही, तर एन्जिनएक्स फक्त १९२.१६८.१.२० वर ऐकत नाही ना आणि संगणकाची फायरवॉल टेलस्केलच्या जोडणीला अडवत नाही ना, एवढे पाहावे. मोबाइलची बॅटरी-बचत या अ‍ॅपला पार्श्वभूमीत बंद करत असेल तर त्याला त्यातून वगळावे.

क्लाउडफ्लेअर टनेल हे साधनही आतून बाहेर जोडणी लावते. त्यात स्वतःचे डोमेन लागते आणि पान जगातल्या कोणालाही उघडता येते. गावच्या ग्रंथालयाची सूची किंवा दुकानाची माहिती अशा गोष्टींसाठी ते योग्य आहे. आपल्या तीन पानांतले एक पान ठिबकचा पंप चालू-बंद करते. विहिरीत पाणी नसताना कोण्या अनोळखी माणसाने पंप सुरू केला तर मोटार जळते. आणि असे पान पासवर्डच्या भरवशावर जगासाठी उघडे ठेवणे मला मुळीच मान्य नाही. हिशेब पाहणारे आणि पंप चालवणारे घरातलेच असतील, तर वाट घरातल्यांपुरतीच असावी. बोगदा चालू झाला की राउटरमधले ४४३ चे फॉरवर्डिंग आणि डायनॅमिक डीएनएसचे नाव, दोन्ही काढून टाकावीत.

प्रश्न : मी मूळचा शहाद्याचा, सध्या नोकरीनिमित्त सुरतेत असतो. घरच्या इंटरनेटवरून ब्राउझिंग करता यावे म्हणून वडिलांकडच्या संगणकावर स्क्विड हा प्रॉक्सी बसवला. पब्लिक आयपी घेतलेला आहे. राउटरमध्ये ३१२८ पोर्ट उघडल्यावर सुरतेहून ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असे पान येत होते, म्हणून स्क्विडच्या नियमांत सर्वांना परवानगी दिली. सुरुवातीला उत्तम चालले. आता प्रॉक्सी इतका संथ झाला आहे की वडिलांचा व्हिडिओ कॉलही तुटतो, आणि लॉगमध्ये आम्ही कधीही न उघडलेली संकेतस्थळे दिसतात. रात्री दोन-तीन वाजताही नोंदी सुरूच असतात. — एक अभियंता, सुरत

उत्तर : पुढचे वाचण्यापूर्वी वडिलांना फोन करून राउटरमधले ३१२८ चे फॉरवर्डिंग बंद करून घ्यावे. ते जमत नसेल तर संगणकच बंद करावा. आपला प्रॉक्सी आज जगातल्या कोणालाही वापरता येतो आणि लॉगवरून दिसते की तो वापरला जात आहे. त्यातून जे काही केले जाते ते ज्या पत्त्यावरून झाले असे नोंदले जाते, तो पत्ता आपल्या वडिलांच्या नावावर आहे. कोणी चौकशीला आले तर ते शहाद्याच्या घरी येतील, म्हणून आजवरचा लॉग पुसून न टाकता जपून ठेवावा.

आपला पत्ता कोणाला सांगितला नव्हता, मग तो सापडला कसा, असे आपल्याला वाटले असेल. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले तेव्हाच दाखवून दिले होते की, एका साध्या संगणकावरून गिगाबिट जोडणीने आयपीव्ही४ चा सारा पसारा एका पोर्टासाठी ४५ मिनिटांत तपासता येतो. ३१२८ हे स्क्विडचे नेहमीचे पोर्ट असल्यामुळे ते शोधणारे स्वयंचलित प्रोग्राम सदैव फिरत असतात. क्रमांक बदलल्याने काही दिवस मिळतात, संरक्षण मिळत नाही.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ हे पान खरे तर शुभवार्ता होती. सुरतेहून निघालेली विनंती राउटर ओलांडून स्क्विडपर्यंत आली आणि स्क्विडने ती नियमाप्रमाणे नाकारली, एवढाच त्याचा अर्थ होता; रस्ता पूर्णपणे ठीक होता. त्या वेळी नियम सैल करण्याऐवजी आपण स्वतः आतल्या जाळ्यात कसे येऊ, हा विचार व्हायला हवा होता. फक्त सुरतेतल्या मोबाइलच्या पत्त्याला परवानगी देण्याचा मार्गही येथे उपयोगाचा नाही, कारण तो पत्ता बदलत राहतो आणि वर पाहिल्याप्रमाणे तो अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असू शकतो, म्हणजे आपल्याबरोबर त्या सर्वांना दार उघडते. स्क्विडवर पासवर्ड ठेवण्याने काम भागत नाही, कारण नेहमीच्या बेसिक पद्धतीत तो पासवर्ड सांकेतिक न होता बेस६४ या उलगडण्यास सोप्या रूपात जातो आणि प्रॉक्सीपर्यंतची वाट साधी असेल तर वाटेतला कोणीही तो वाचू शकतो.

आपल्याकडे पब्लिक आयपी आहे, त्यामुळे वायरगार्ड (दोन यंत्रांमध्ये गुप्त किल्ल्यांच्या आधारे सांकेतिक बोगदा उभारणारे साधन) थेट वापरावे. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. राउटरमध्ये यूडीपी प्रकारचे ५१८२० हे एकच पोर्ट घरच्या संगणकाकडे वळवावे. येथे टीसीपी निवडले गेले तर काहीही चालत नाही, आणि ही चूक फार वेळा होते. बोगद्यात घरच्या संगणकाला १०.८.०.१ व मोबाइलला १०.८.०.२ असे पत्ते द्यावेत. स्क्विडला फक्त १०.८.०.१ वर ऐकायला सांगावे, नियमांत १०.८.० या गटाला परवानगी द्यावी आणि शेवटची ओळ सर्वांना नकार देणारीच ठेवावी. योग्य किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे पोर्ट शोधत फिरणाऱ्यांना तेथे काही आहे हेच कळत नाही.

हाच गुण दुरुस्तीच्या वेळी मात्र डोकेदुखी ठरतो, कारण किल्ली चुकली तरी चूक सांगणारा संदेश येत नाही, केवळ शांतता असते. म्हणून प्रथम घरच्या संगणकावर ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन टोकांनी एकमेकांना शेवटचे केव्हा ओळखले) ही नोंद पाहावी. ती नसेल तर किल्ल्यांची अदलाबदल, यूडीपीऐवजी टीसीपी, किंवा घरच्या संगणकाचा स्थानिक पत्ता बदलल्याने भलतीकडे गेलेले फॉरवर्डिंग, या क्रमाने तपासावे. ती असेल आणि तरीही पान उघडत नसेल तर मोबाइलवरील ‘अलाउड आयपीज’ (बोगद्यातून जायचे पत्ते) या रकान्यात १०.८.०.१ येतो का ते पाहावे आणि मग स्क्विडच्या नियमांकडे वळावे. लहान पाने उघडतात पण मोठी पाने अर्ध्यावर अडकतात, असे झाले तर पॅकेटचा आकार वाटेत मावत नाही. वायरगार्डचे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) सहसा १४२० असते, ते दोन्ही टोकांना १२८० करून पाहावे. थोडा वेळ वापर थांबला की बोगदा मेल्यासारखा होत असेल, तर नॅटच्या (पत्ते बदलणाऱ्या यंत्राच्या) मागे असलेल्या टोकाला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवावे.

एक अपेक्षा मात्र आधीच जुळवून घ्यावी. सुरतेत दिसणारे प्रत्येक पान आधी शहाद्याच्या घरात डाउनलोड होते आणि तेथून पुन्हा अपलोड होऊन आपल्याकडे येते, त्यामुळे आपला वेग घरच्या जोडणीच्या अपलोड वेगापेक्षा जास्त होणार नाही. योजना घेताना पुरवठादार डाउनलोडचा आकडा ठळकपणे सांगतो. आपण दुसरा आकडा विचारावा.

प्रश्न : मी धुळ्यात अभियांत्रिकी शिकतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर डॉकरमध्ये (प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे साधन) एन्जिनएक्स आणि त्याच्यामागे दोन छोटे अ‍ॅप चालवतो. वसतिगृहातून सर्व चालते, पण घरी वीज जाऊन आली की कधी ५०२ येतो, तर कधी ब्राउझर म्हणतो की सर्टिफिकेट (संकेतस्थळाची ओळख पटवणारा दाखला) अजून वैध नाही. मागच्या महिन्यात तर सर्टिफिकेट संपून गेले आणि मला कळलेही नाही. — एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : ५०२ दिसला याचा अर्थ नाव, राउटर, पोर्ट आणि प्रॉक्सी हे सर्व ठीक आहे आणि मागचे अ‍ॅप सापडत नाही. (५०४ दिसला असता तर अ‍ॅप सापडले, पण वेळेत बोलले नाही, असे म्हटले असते.) वीज आल्यावर कंटेनर ज्या क्रमाने उठतात त्यात त्यांचे अंतर्गत पत्ते बदलू शकतात, आणि एन्जिनएक्स मात्र मांडणीत थेट लिहिलेल्या नावाचा पत्ता सुरू होताना एकदाच शोधून तोच धरून बसतो. अ‍ॅप नंतर वेगळ्या पत्त्यावर उठले की ५०२ येतो. लगेचचा उपाय म्हणजे एन्जिनएक्स रीलोड करणे. कायमचा उपाय म्हणजे डॉकरचा स्वतःचा डीएनएस १२७.०.०.११ हा ‘रिझॉल्व्हर’ म्हणून देऊन अ‍ॅपचे नाव चलातून (व्हेरिएबलमधून) लिहिणे, म्हणजे ते पुन्हापुन्हा शोधले जाते. मांडणीत अ‍ॅपचा पत्ता १२७.०.०.१ असा लिहिलेला असेल तर तोही बदलावा, कारण कंटेनरच्या आत तो पत्ता म्हणजे तो कंटेनर स्वतः, आपला रास्पबेरी पाय नव्हे.

सर्टिफिकेट अजून वैध नाही असे ब्राउझर म्हणतो, तेव्हा ब्राउझर ज्या यंत्रावर आहे त्याचे घड्याळ मागे आहे. म्हणून तो संदेश घरच्या पायवर जोडलेल्या पडद्यावर येतो की वसतिगृहातल्या लॅपटॉपवर, हे आधी पाहावे. पाय ४ मध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ नाही; वीज आल्यावर त्याला इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्याच वेळेत असतो, आणि त्या काळात त्याने स्वतः बाहेर लावलेल्या सुरक्षित जोडण्या, डायनॅमिक डीएनएसला नवा पत्ता कळवण्याची जोडणीही, फसू शकतात. वेळ जुळल्यानंतरच या सेवा सुरू होतील अशी व्यवस्था करावी, किंवा थोड्या पैशांत मिळणारे घड्याळाचे मॉड्यूल जोडावे. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, त्याची बॅटरी मात्र वेगळी लावावी लागते.

संपलेल्या सर्टिफिकेटबद्दल सांगायचे तर, मोफत सर्टिफिकेटे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटे ९० दिवसांची असतात आणि संपत आल्याचा ईमेल पाठवणे त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहे. नूतनीकरण आपोआप होते, पण नाव आपलेच आहे हे सिद्ध करण्यासाठी आपण एचटीटीपी पद्धत वापरत असाल तर त्यासाठी ८० क्रमांकाचे पोर्ट बाहेरून पोहोचणारे असावे लागते. ते बंद असेल तर जुने सर्टिफिकेट मुदत संपेपर्यंत चालते आणि दोष त्या दिवशी उघड होतो. डीएनएस पद्धतीला कोणतेच पोर्ट लागत नाही. घरच्या सर्व्हरसाठी मी तीच पसंत करतो.

पायला राउटरसकट लहान यूपीएसवर ठेवावे, कारण अचानक वीज गेल्याने मेमरी कार्ड बिघडते. तो पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत असेल तर मेमध्ये खाली आणावा. त्याची चिप ८० अंशांना पोहोचली की तो आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि जळगाव-भुसावळकडे बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत बंद पेटीतल्या पायला ८० गाठायला वेळ लागत नाही.

प्रश्न : घरी वायरगार्ड आहे आणि मोबाइल डेटावर ते उत्तम चालते. कार्यालयाच्या वायफायवर हँडशेकच होत नाही. अमळनेरला सासुरवाडीच्या वायफायवर हँडशेक होतो, पण घरच्या प्रॉक्सीचा १९२.१६८.१.२० हा पत्ता टाकला की तेथील प्रिंटरचे पान उघडते. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : अमळनेरच्या घरातही १९२.१६८.१ हाच पट्टा आहे. बहुतेक राउटर विकत आणल्यापासून त्याच एक-दोन पट्ट्यांवर असतात, त्यामुळे आपल्या मोबाइलला १९२.१६८.१.२० हा पत्ता शेजारच्याच खोलीत सापडतो आणि तो बोगद्यात शिरतच नाही. आपल्या घरचा पट्टा बदलून १९२.१६८.८७ सारखा सहसा कोणी न वापरलेला करावा. तो बदलताना प्रॉक्सीच्या संगणकासाठी राउटरमध्ये पत्ता राखून ठेवावा, आणि वायरगार्डचे अलाउड आयपीज, ५१८२० चे फॉरवर्डिंग व प्रॉक्सीच्या मांडणीत कोठे जुना पत्ता लिहिला असेल तर तो, हे सर्व त्याच बैठकीत बदलावे. ते होईपर्यंत तेथून संगणकाच्या बोगद्यातल्या पत्त्यानेच प्रॉक्सी उघडावा.

कार्यालयाच्या जाळ्यात अनोळखी पोर्टांवरील यूडीपी वाहतूक बंद केलेली असणे सर्वसाधारण आहे. वायरगार्ड ४४३ वर नेऊन ती अडवणूक चुकवण्याचे मार्ग आहेत, पण ते जाळे कार्यालयाचे आहे आणि त्याचे नियम ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. तेथील नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारावे; त्यांनी नाही म्हटले तर दुपारच्या सुट्टीत मोबाइल डेटावरून घरचे पान पाहावे.